करारापूर्वी प्रश्न हवा

पत्राचा सारांश : ‘मी यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याच्या गावी एका अनुदानित महाविद्यालयात गणित शिकवतो. पातळ तबकडीतील उष्णतावहन आणि ऊष्मीय प्रतिबल (उष्णतेमुळे पदार्थात निर्माण होणारा ताण) या विषयात माझी पीएच.डी. झाली आहे. विभागात मी आणि तासिका तत्त्वावरील एक सहकारी, असे दोघेच आहोत. गेल्या वर्षी नागपूर-पुण्याच्या अनेक संशोधन संस्थांच्या संचालकांना संयुक्त संशोधनाविषयी ई-मेल पाठवले. एका ठिकाणाहून “आपले पत्र संबंधित विभागाकडे पाठवले आहे” असे उत्तर आले, बाकीच्यांकडून तेही नाही. प्राचार्यांना नॅकच्या मूल्यांकनासाठी सामंजस्य करार हवा आहे. आपल्या भागातील सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारावर गणिती प्रतिमान तयार करावे, असेही मनात आहे. दुसरा प्रश्न बी.एस्सी. द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीचा. एकाच बिंदूपाशी संतत (सलग, न तुटणारे) आणि इतरत्र कुठेही संतत नसलेले फल (फंक्शन) असू शकते का, असे तिने वर्गात विचारले आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच उदाहरण करून आणले. वडिलांची कोरडवाहू शेती आहे. पदवीनंतर बी.एड. किंवा पोलीस भरती, असे घरचे म्हणणे आहे; तिला मात्र संशोधन करायचे आहे. प्रयोगशाळेसोबतच्या प्रकल्पात तिचे नाव घातले तर तिचे भले होईल आणि प्रस्तावालाही वजन येईल, असे मला वाटते. हे योग्य होईल का?’

प्राध्यापक महोदय, सप्रेम नमस्कार.

तुम्ही संचालकांना पाठवलेल्या ई-मेलची प्रत सोबत जोडली, हे बरे केले, कारण उत्तर का आले नाही याचा उलगडा त्या प्रतीतच होतो. पहिल्या परिच्छेदात महाविद्यालयाचे स्थापनावर्ष आणि नॅकची श्रेणी आहे, दुसऱ्यात तुमची पदवी आणि प्रकाशित लेखांची संख्या आहे, आणि तिसऱ्यात ‘परस्परांना लाभदायक सहकार्य’ करण्याची इच्छा आहे. पत्र नम्र आहे आणि त्यात खोटे काहीही नाही. पण ते वाचणाऱ्या माणसाला उद्या सकाळी नेमके काय करायचे आहे, हे त्यातून कळत नाही. अशी पत्रे ज्या टेबलावर येऊन पडतात त्या टेबलामागे मी नोकरीची बरीच वर्षे काढली आहेत. तिथे ती कोणी मुद्दाम बाजूला सारत नाही. त्यांना काय उत्तर द्यावे हेच न सुचल्यामुळे ती मागे पडतात, आणि एकदा मागे पडलेले पत्र पुन्हा वर येत नाही.

संचालकांना लिहिण्यातही अर्थ नव्हता. संचालकाची सही करारावर लागते. काम मात्र एखाद्या विभागातील शास्त्रज्ञ करतो, आणि त्याच्याकडे वर्षानुवर्षे साठलेल्या, पुरेसे विश्लेषण न झालेल्या नोंदी असतात. गणिताच्या माणसासाठी प्रयोगशाळेचे दार तिथे उघडते. त्यामुळे आधी त्या संस्थेचे दोन-तीन वार्षिक अहवाल डाऊनलोड करून वाचावेत आणि कोण कशाचे मोजमाप करते हे पाहावे. ज्या मोजमापात तुम्हाला स्वतःला काही खटकेल, त्या शास्त्रज्ञाला लिहावे.

तुमच्या विषयाचा प्रयोगशाळांना काय उपयोग, अशी शंका तुमच्या पत्रात दोनदा आली आहे. विदर्भात गणितात पीएच.डी. म्हणजे एक तर सापेक्षता आणि विश्वरचनेची प्रतिमाने, नाही तर इंटिग्रल ट्रान्सफॉर्म, नाही तर तुमच्यासारखे ऊष्मीय प्रतिबल, असे ठरूनच गेले आहे. पिढ्यान्‌पिढ्या मार्गदर्शकाचा विषय विद्यार्थ्याकडे आणि त्याचा पुढच्याकडे जातो, आणि तबकडीची त्रिज्या, सीमेवरच्या अटी किंवा ट्रान्सफॉर्म बदलून नवा लेख तयार होतो. त्या परंपरेची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. मला इतकेच दाखवायचे आहे की तुम्ही तबकडीसाठी सोडवलेले उष्णतावहनाचे समीकरण तुमच्या महाविद्यालयाच्या कुंपणापलीकडच्या वावरातही रोज सुटत असते, आणि तिथे त्याच्याकडे पाहणारे गणितज्ञ फार थोडे आहेत.

हे थोडे विस्ताराने सांगतो. जमिनीचा पृष्ठभाग दिवसा तापतो आणि रात्री निवतो. हा चढउतार साइन वक्रासारखा आहे असे धरले, तर खाली जाताना त्याची उंची घातांकी वेगाने कमी होत जाते आणि तो उशिरा पोहोचतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. मातीची डिफ्यूजिव्हिटी, म्हणजे तिच्यातून उष्णता किती वेगाने पसरते याचे माप, सेकंदाला 0.5 चौरस मिलीमीटर धरा. मग चढउतार ज्या खोलीवर पृष्ठभागाच्या सुमारे 37 टक्के उरतो, ती डॅम्पिंग डेप्थ दैनिक चक्रासाठी जवळजवळ 12 सेंमी येते, आणि तिथले सर्वाधिक तापमान पृष्ठभागापेक्षा पावणेचार तासांहून किंचित जास्त उशिरा येते. वार्षिक चक्रासाठी हीच खोली 365 च्या वर्गमूळाच्या पटीत वाढून सव्वादोन मीटरच्या आसपास जाते. बियाण्याची उगवण, मुळांची वाढ, जमिनीतली बुरशी आणि सूक्ष्मजीव, उलंगवाडीनंतर पऱ्हाटी वावरातच राहिली तर तिच्यातल्या व मातीतल्या गुलाबी बोंडअळीचे उन्हाळ्यात काय होते, हे सारे बरेचसे या वरच्या वीत-दीड वीत थरातल्या तापमानावर अवलंबून असते.

आता कृषी हवामान केंद्रावर काय होते ते पाहा. मातीचे तापमान 5, 10 आणि 20 सेंमी खोलीवर मोजतात आणि त्याची नोंद साधारणपणे सकाळी 7 आणि दुपारी 2 वाजता घेतात. पृष्ठभाग दुपारी एक-दीडला सर्वाधिक तापतो असे धरले, तर वरच्या हिशेबाने 20 सेंमीवरचे सर्वाधिक तापमान संध्याकाळी साडेसात-आठच्या सुमारास येते, म्हणजे ते दोन्ही नोंदींतून निसटते. एकाच खोलीचा विचार केला तर सरासरी, चढउताराची उंची आणि कला (फेज, म्हणजे चढउतार किती उशिरा येतो) ही तीन अज्ञाते आहेत आणि नोंदी दोनच. परंतु तिन्ही पातळ्यांवरची सरासरी सारखी मानली आणि तिन्हींच्या नोंदी एकत्र घेतल्या, तर हाती सहा आकडे येतात आणि अज्ञाते चारच राहतात : पृष्ठभागाची सरासरी, उंची, कला आणि डॅम्पिंग डेप्थ. ज्याला तुम्ही प्रबंधात व्यस्त प्रश्न, म्हणजे परिणामावरून कारण शोधण्याचा प्रश्न, म्हणता तो हाच. या सहा आकड्यांतून मिळणारी डिफ्यूजिव्हिटी कितपत स्थिर आहे, नोंदीत अर्ध्या अंशाची चूक झाली तर उत्तर किती हलते, आणि सरासरी सारखी मानण्याचे गृहीतक कोणत्या महिन्यात कोसळते, हे विचारण्याची सवय गणिताच्या माणसाला असते.

आपल्या काळ्या मातीत तर आणखी एक गंमत आहे. चढउताराच्या घटीवरून डॅम्पिंग डेप्थ काढता येते आणि कमाल तापमानाला झालेल्या उशिरावरूनही काढता येते. समीकरण खरे असेल तर दोन्ही उत्तरे सारखी यायला हवीत. प्रत्यक्षात ती सारखी येतीलच असे नाही. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला भेगा पडतात, भेगांतून हवा आत-बाहेर करते, आणि ओलाव्याबरोबर डिफ्यूजिव्हिटीही बदलत जाते, म्हणून ती स्थिरांक उरत नाही. दोन उत्तरांतला फरक मे महिन्यात किती असतो आणि चांगला पाऊस झाल्यावर किती उरतो, हा प्रश्न नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोतील मातीच्या माणसाला सांगून पाहा. तो ई-मेल बंद करून पुढे जाणार नाही, एवढे मी खात्रीने म्हणू शकतो.

नागपूर मात्र नंतर. पहिले दार जिल्ह्यातच ठोठवावे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे विभागीय कृषी संशोधन केंद्र यवतमाळला आहे, कृषी विज्ञान केंद्रही आहे, आणि अकोल्यात अखिल भारतीय समन्वित कृषी हवामानशास्त्र संशोधन प्रकल्पाचे केंद्र आहे. तिथल्या लोकांकडे गणिताचा प्राध्यापक सहसा फिरकत नाही, म्हणून तुम्ही लक्षात राहाल. नागपूरला वर्धा मार्गावरील केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि भूजलातील प्रदूषणाच्या प्रसारासाठी नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) ही पुढची दोन नावे. प्रदूषकाचा प्रसार आणि उष्णतेचा प्रसार ही समीकरणे सख्खी भावंडे आहेत, तेव्हा नीरीतही तुम्ही परके ठरणार नाही. कृषी संशोधकांना पेरणीच्या धामधुमीत गाठू नये आणि मार्चअखेरच्या हिशेबाच्या दिवसांतही गाठू नये. दिवाळीची सुटी तुम्हालाही सोयीची पडेल.

ई-मेल अर्थातच इंग्रजीत जाईल. पण आधी तो मराठीत लिहून पाहावा, म्हणजे पोकळ वाक्ये आपोआप गळून पडतात. मजकूर साधारण असा असावा : ‘आपल्या अहवालात मातीच्या तापमानाच्या नोंदी 5, 10 आणि 20 सेंमीवर दिवसातून दोनदा घेतल्याचे वाचले. मी उष्णतावहनाच्या व्यस्त प्रश्नांवर काम केले आहे. या सहा आकड्यांतून मातीची डिफ्यूजिव्हिटी काढण्याची एक रीत सोबतच्या दोन पानांत मांडली असून आमच्या आवारात घेतलेल्या एका आठवड्याच्या नोंदींवर ती वापरून पाहिली आहे. एका मे महिन्याच्या नोंदी मिळाल्या तर ती आपल्याकडे कितपत लागू पडते हे तपासून एका महिन्यात कळवीन. भेटीसाठी अमुक दोन दिवस मला सोयीचे आहेत.’ यात महाविद्यालयाचे स्थापनावर्ष नाही आणि सहकार्य हा शब्दही नाही. मागणी लहान आहे, मुदत ठरलेली आहे, आणि नकार द्यायचा झाला तरी तो एका ओळीत देता येतो. शास्त्रज्ञाला असे पत्र आवडते, कारण त्यात त्याच्यावर कोणतेही ओझे नसते.

आवारातल्या नोंदींसाठी मोठा खर्च नाही. भौतिकशास्त्र विभागाला सोबत घ्या. डीएस18बी20 नावाचा जलरोधक सेन्सर स्वस्तात मिळतो आणि त्याची अचूकता साधारण अर्ध्या अंशापर्यंत असते. मात्र जमिनीत पुरण्यापूर्वी सगळे सेन्सर एकाच पातेल्यातल्या पाण्यात ठेवून ते एकमेकांशी किती जुळतात हे पाहावे, आणि वितळत्या बर्फातही एकदा तपासावे. दोन सेन्सरमधला फरक न तपासता मातीतला फरक सांगणाऱ्यांचे लेख मी पुष्कळ परत पाठवले आहेत. खड्डा खणून सेन्सर वरून टाकू नये. खड्ड्याच्या न हललेल्या भिंतीत तो आडवा खुपसावा आणि मग माती भरावी, कारण उकरलेल्या मातीतून उष्णता वेगळ्या रीतीने जाते.

सिकलसेलविषयी थोडक्यात लिहितो. विषय मोठा आहे आणि तुमच्या जिल्ह्याला जवळचा आहे. 1908 मध्ये केंब्रिजच्या रेजिनाल्ड पनेट या जीवशास्त्रज्ञाने विचारलेल्या एका प्रश्नाचे उत्तर जी. एच. हार्डी या शुद्ध गणितज्ञाने ‘सायन्स’ नियतकालिकाला पत्र लिहून दिले आणि त्यातून अनुवंशशास्त्राला एक पायाभूत नियम मिळाला, ही हकीकत तुम्हाला उमेद देणारी आहेच. त्या नियमाने, एखाद्या समाजात सिकलसेलच्या जनुकाचा वाटा 10 टक्के असेल तर 18 टक्के लोक वाहक आणि 1 टक्का रुग्ण असतील. परंतु हा हिशेब विवाह यादृच्छिक होतात असे धरतो, आणि आपल्याकडे जात, कूळ, देव पाहून सोयरीक जुळते. तेव्हा खरे काम तिथून पुढे सुरू होते. त्यासाठी रुग्णांच्या नोंदी लागतात, त्या नोंदींसाठी नैतिकता समितीची मंजुरी लागते, आणि चाळीस घरांच्या पोडावर (आदिवासी वस्तीवर) ‘एक वाहक कुटुंब’ एवढे लिहिले तरी ते कुटुंब ओळखू येते. गडचिरोलीच्या ‘सर्च’ या आरोग्य संस्थेने नवजात बालकांच्या घरगुती उपचारांचा अभ्यास 39 गावांत करून त्याची तुलना 47 गावांशी केली आणि 1999 मध्ये तो ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची ताकद गावोगाव काटेकोरपणे ठेवलेल्या जन्म-मृत्यूच्या नोंदींत होती. अवघड गणितावर तो उभा नव्हता. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेसारखा वैद्यकीय भागीदार मिळेपर्यंत हा विषय वहीतच ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्राचार्यांचा आग्रह मी समजू शकतो. पण दोन्ही बाजूंनी सह्या होऊन, पुष्पगुच्छासह फोटो निघून, पुढे पाच वर्षांत एकही काम न झालेले करार आपल्याकडच्या प्रत्येक महाविद्यालयाच्या फायलीत आहेत, आणि मूल्यांकनाला येणारे लोकही ते ओळखून असतात. प्राचार्यांना सांगावे की आधी काम आणि मग करार, आणि तोवर त्या शास्त्रज्ञाचे एक साधे पत्र, ‘अमुक नोंदींवर आम्ही एकत्र काम करत आहोत’, फायलीला लावता येईल. त्या बदल्यात त्यांच्याकडून दोन गोष्टी लेखी मिळवाव्यात : भेटीच्या दिवसांसाठी कर्तव्य रजा, आणि वेळापत्रकात सलग मोकळी अर्धी दुपार. आठवड्याला 16 तास अध्यापन, वर परीक्षा, प्रवेश आणि समित्यांची कामे सांभाळून संशोधन करायचे तर ही अर्धी दुपार करारापेक्षा अधिक मोलाची ठरेल.

काम सहा-आठ महिने चालले आणि यजमान शास्त्रज्ञ तुम्हाला नावाने ओळखू लागला की योजनांकडे वळावे. ‘टेअर’ ही योजना नेमकी तुमच्यासारख्यांसाठी आखलेली आहे : राज्य विद्यापीठे आणि महाविद्यालयांतील नियमित, पीएच.डी. झालेल्या अध्यापकाने नोकरी न सोडता आयआयटी किंवा राष्ट्रीय प्रयोगशाळेत वर्षातून किमान 90 दिवस काम करायचे. गणितासाठी ‘मॅट्रिक्स’ ही वेगळी योजना होती. 2023 च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन आले आणि आधीच्या एसईआरबीचे (विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाचे) काम त्याच्याकडे गेले, म्हणून कोणती योजना सध्या खुली आहे हे फाउंडेशनच्या संकेतस्थळावर पाहत राहावे. ‘टेअर’च्या अर्जाला यजमान संस्थेचे संमतिपत्र लागते, आणि ते अनोळखी माणसाला कोणी देत नाही. म्हणून क्रम उलटा करू नये.

आता तुमच्या विद्यार्थिनीकडे येतो. तुमच्या पत्रातला हा भाग मी पुन्हा पुन्हा वाचला.

परिमेय संख्यांसाठी क्ष आणि अपरिमेय संख्यांसाठी शून्य, असे फल तिने आणले असणार. ते पाठ्यपुस्तकात सापडते. परंतु ती ते न पाहता रचू शकली आणि केवळ शून्यापाशीच ते संतत का आहे हे फळ्यावर सांगू शकली, ही साधी गोष्ट नाही. अशा मुलीला दर तीन तासांनी तापमानाचे आकडे लिहायला बसवले आणि त्याला संशोधन म्हटले, तर तिच्यातला गणिती तुम्ही कारकुनाच्या कामाला लावाल. तिला स्वतःला मातीचे काम आवडले तर तिने जरूर यावे. शेतकऱ्याच्या घरची आहे, भेगा कधी पडतात आणि कधी मिटतात हे ती तुमच्याआधी सांगेल. नव्या अभ्यासक्रमातील फील्ड प्रोजेक्टचे श्रेयांकही त्यातून मिळू शकतील आणि ‘आविष्कार’ संशोधन महोत्सवात ते मांडता येईल. पण तो तिचा दुसरा उद्योग असावा. पहिला उद्योग सिद्धता लिहिणे हा.

आठवड्यातून एकदा दोन तास तिच्यासाठी राखून ठेवा आणि त्या दोन तासांत तुम्ही शिकवू नका. तिने फळ्यावर लिहावे, तुम्ही मागच्या बाकावर बसावे आणि ‘हे कशावरून?’ एवढेच विचारावे. तिच्या त्याच फलापासून सुरुवात करा : दोन बिंदूंपाशी संतत असलेले फल रचता येईल का, नेमक्या पूर्णांकांपाशी संतत असलेले येईल का, आणि नेमक्या परिमेय संख्यांपाशी संतत असलेले का येणार नाही. शेवटचा प्रश्न तिला एक सत्र पुरेल, आणि तो सोडवण्याच्या खटपटीत ती वास्तव विश्लेषणाचा निम्मा अभ्यासक्रम स्वतःहून वाचून काढेल. अडली तरी लगेच सांगू नका. सोबत आणखी दोन-तीन मुलांना बसू द्या. एकटीला निवडून वर काढले की वर्गात तिचेच जगणे अवघड होते, आणि गावात त्याची वेगळीच चर्चा सुरू होते, हे तुम्हाला ठाऊक आहे.

तिने बाहेरची मुले आणि बाहेरचे शिक्षक पाहणेही तितकेच गरजेचे आहे. ‘एमटीटीएस’ हा गणिताचा उन्हाळी निवासी कार्यक्रम 1993 पासून चालतो, त्याची पहिली पातळी द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठीच आहे आणि तिथे व्याख्यान देण्यापेक्षा विचार करायला लावण्यावर भर असतो. माधव गणित स्पर्धा पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी असते. पहिल्या वर्षी गुण कमी पडले तरी प्रश्नपत्रिका हाती येते आणि ती महिनाभर पुरते. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींच्या उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीसाठी विद्यार्थ्यांप्रमाणे अध्यापकांनाही अर्ज करता येतो. अर्ज साधारण नोव्हेंबरपर्यंत भरायचे असतात, तेव्हा या वर्षी तुम्ही दोघांनीही स्वतंत्र अर्ज करावेत. पुढच्या वर्षी एम.एस्सी. प्रवेशासाठीची आयआयटीची जॅम परीक्षा आहे. तिचा गणिताचा अभ्यासक्रम आतापासून हाताशी ठेवावा, कारण विद्यापीठाच्या परीक्षेतले पाठांतर तिथे चालत नाही.

शिफारसपत्र लिहाल तेव्हा ‘प्रामाणिक, कष्टाळू, शिस्तप्रिय’ ही तीन विशेषणे टाळावीत. निवड करणाऱ्यांपुढे ती प्रत्येक पत्रात असतात. वर्गात तिने काय विचारले, दुसऱ्या दिवशी काय आणले, तिच्या पहिल्या सिद्धतेत कोणती फट होती आणि ती तिने किती दिवसांनी स्वतः बुजवली, हे लिहावे. जिथे ती कच्ची आहे तेही लिहावे. इंग्रजीत बोलताना अडखळते, असे लिहिलेत तर तिचे नुकसान होणार नाही. उलट बाकीच्या मजकुरावर वाचणाऱ्याचा विश्वास बसेल.

प्रस्तावाला वजन यावे म्हणून तिचे नाव घालावे का, या प्रश्नाला माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. ग्रामीण भागातील शेतकऱ्याची मुलगी हा प्रस्तावातला मुद्दा होऊ नये. तिने काही केले नसताना नाव आले तर पुढे मुलाखतीत त्या कामावर प्रश्न विचारले जातील आणि तिला खाली मान घालावी लागेल. मात्र तिने खरोखर एखादी कल्पना दिली, एखादी चूक शोधली, एखादे विश्लेषण स्वतः केले, तर तिचे नाव सहलेखक म्हणून आले पाहिजे, आणि प्रयोगशाळेतील ज्येष्ठांनी ‘मुलीचे आभार मानून टाका’ असे सुचवले तरी तुम्ही मागे हटू नये. हे बोलणे काम सुरू होतानाच, तिच्यासमोर, त्या शास्त्रज्ञाशी करून घ्यावे. पैसे घेऊन आठवड्याभरात लेख छापणाऱ्या नियतकालिकांपासून तर तिला दूरच ठेवावे. विसाव्या वर्षी तिथे छापलेला लेख नंतर पुसता येत नाही.

राहिला प्रश्न घरचा. वडिलांना भेटायला जाल तेव्हा कापूस वेचणीचे दिवस टाळा आणि एखाद्या प्राध्यापिकेला सोबत घेऊन जा. ‘मुलगी फार हुशार आहे’ या वाक्याने सुरुवात करू नका. ते त्यांना माहीत आहे आणि त्याचीच त्यांना धास्ती आहे. एम.एस्सी. झाल्यावरही बी.एड. करता येते, म्हणजे त्यांनी मनात धरलेली वाट बंद होत नाही, हे आधी सांगा. मग उन्हाळ्यातल्या चार आठवड्यांच्या शिबिराविषयी बोला : ती कुठे राहील, जेवणाचे काय, जाण्या-येण्याचा खर्च कोण देते, एस.टी.ने नागपूरपर्यंत कोणासोबत जाईल आणि पुढे रेल्वेत कोण असेल. या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर निवडपत्रावरून आणि आयोजकांना फोन करून कागदावर लिहून न्या, आणि तो कागद त्यांच्याकडेच ठेवून या. त्याच दिवशी होकार मागू नका. ते घरात बोलतील, भावकीतल्या एखाद्या शिकलेल्या माणसाला विचारतील, आणि तो माणूस तुम्हाला फोन करील. त्या फोनला तुम्ही सविस्तर उत्तर द्यावे.